दातांचा केस पेपर : उपचारांआधीच्या नऊ महिन्यांचा प्रकरण अभ्यास

पुढे मांडलेले प्रकरण जिल्हा रुग्णालयातल्या आमच्या मनोविकार विभागात आलेल्या एका एस. टी. वाहकाचे आहे. ओळख पटू नये म्हणून गाव, वय आणि कुटुंबाचे तपशील बदलले आहेत, आणि काही बारकावे याच धर्तीच्या इतर प्रकरणांमधून घेऊन त्यात गुंफले आहेत. त्यामुळे हे कोणा एका व्यक्तीचे चरित्र समजू नये. वैद्यकीयदृष्ट्या यात दुर्मीळ असे काहीच नाही. नैराश्याचा आजार, त्यावर सगळीकडे होतात तेच उपचार आणि बऱ्यापैकी सुधारणा, एवढीच त्याची वैद्यकीय कथा. लिहिण्याजोगा भाग आहे तो उपचार सुरू होण्याआधीच्या नऊ महिन्यांचा. त्या काळात हे गृहस्थ मदत टाळत होते असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. ते दारोदार मदत मागत होते. जिथे ती मिळाली असती ती एक खोली तेवढी सोडून.

पार्श्वभूमी

एस. टी.मध्ये चालक आपल्या वाहकाला ‘मास्तर’ म्हणतात. आपणही त्यांना तेच म्हणू. मास्तरांचे वय ४८, नोकरी बावीस वर्षांची, घरी पत्नी, लग्नाच्या वयाची मुलगी आणि बारावीतला मुलगा. आठवड्यातून तीन दिवस मुक्कामी गाडी. संध्याकाळची शेवटची फेरी घेऊन डोंगरातल्या गावी जायचे, रात्री गाडीतच पथारी टाकायची आणि पहाटे साडेपाचला तीच गाडी तालुक्याला परत आणायची, असा तो क्रम. आदल्या वर्षी लांबलेल्या आजारपणानंतर वडील गेले होते, भावाभावांत जमिनीच्या वाटणीची बोलणी अर्धवट लोंबकळत होती आणि मुलीच्या शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते चालू होते. यातले काहीही जगावेगळे नव्हते.

मास्तरांच्या आठवणीत मात्र त्रासाची सुरुवात एका ठरावीक रात्रीशी जोडलेली आहे. दिवाळीच्या गर्दीत एकदा आगारात रोकड भरताना ११४० रुपये कमी भरले आणि ते त्यांनी खिशातून घातले. बावीस वर्षांत अशी तूट अनेकदा आली होती, ती भरून ते विसरूनही गेले होते. या वेळी विसरता आले नाही. त्यानंतर ते पैसे दोनदा, मग चारदा मोजू लागले, आणि वेबिलाचा, म्हणजे फेरीच्या तिकीटविक्रीच्या नोंदपत्राचा, हिशेब बिनचूक जुळला तरी कुठेतरी चुकले आहे ही भावना जाईना. पत्नीने पुढे सांगितलेली एक गोष्ट या प्रकरणाच्या कागदपत्रांत कुठेही नाही, पण मला ती सगळ्या तपासण्यांपेक्षा महत्त्वाची वाटते : रात्री तीनच्या सुमारास मास्तर अंथरुणावर उठून बसायचे आणि अंधारात, रिकाम्या हातांत, नोटा मोजताना चालतात तशी त्यांची बोटे चालत राहायची.

ही तूट आजाराचे कारण नव्हते. नैराश्याला बहुधा एकच एक कारण नसते. दुःख, तुटलेली झोप, पैशाची ओढाताण आणि शरीराचा मूळचा कल यांचे ओझे हळूहळू साचते आणि शेवटी हाताला लागते ते अगदी किरकोळ असते. घरच्यांनी आणि स्वतः मास्तरांनीही त्या ११४० रुपयांनाच कारण धरले, आणि एवढ्याशा गोष्टीवरून माणूस खचतो याचीच त्यांना लाज वाटू लागली. संकोचाची पहिली गाठ तिथे बसली.

काय हरवले होते

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार मानसिक आरोग्य म्हणजे केवळ आजाराचा अभाव नव्हे. आपल्या क्षमतांची जाणीव असणे, रोजच्या आयुष्यातले ताण पेलता येणे, शिकता आणि काम करता येणे आणि आपल्या समाजात काही भर घालता येणे, अशी ती सुस्थिती आहे. व्याख्या वाचताना कोरडी वाटते, पण मास्तरांच्या बाबतीत तिचा एकेक शब्द क्रमाने गळत गेलेला दिसतो. आधी ताण पेलणे गेले, म्हणजे सुट्ट्या पैशांवरून प्रवाशाशी होणारी नेहमीची हुज्जत त्यांना सोसेना आणि ते दहाची नाणी खिशातून देऊन मोकळे होऊ लागले. मग काम बिघडले : थांबा सांगायचा राहू लागला, तिकीट यंत्रावर चुकीचा टप्पा दाबला जाऊ लागला. शेवटी समाज सुटला. दर गुरुवारी विठ्ठलमंदिरात होणाऱ्या भजनात ते वीस वर्षे टाळ धरत होते. माघापासून ते जाईनासे झाले. ‘ड्युटी आहे’ हे कारण सगळ्यांना पटण्यासारखे असल्यामुळे कोणी अधिक चौकशी केली नाही.

या सगळ्या काळात ते रडले नाहीत, बडबडले नाहीत, घर सोडून गेले नाहीत. मनाचा आजार म्हणजे आपल्याकडे डोळ्यांसमोर जे चित्र येते त्यात मास्तर कुठेच बसत नव्हते. शिवाय आपण सगळेच ज्याला ‘मन चांगले असणे’ म्हणतो त्याचा अर्थ आनंदी, हसतमुख असणे असा घेतो; मास्तर मुळात मितभाषी, त्यामुळे त्यांच्यात काही बदलले आहे हे ओळखायला घरच्यांनाही तीन-चार महिने लागले.

नऊ महिन्यांची भटकंती

वाहकाला हिशेब लिहायची सवय असते. मास्तरांच्या खिशातल्या छोट्या डायरीत या काळातला सगळा खर्च तारखेनिशी आहे. छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटते म्हणून प्रथम गावातले डॉक्टर, त्यांच्याकडून आम्लपित्ताच्या गोळ्या आणि दोनदा सलाईन. मग तालुक्याला ईसीजी, पुढे शहरात हृदयाची टू-डी इको तपासणी, पोटात गच्च वाटते म्हणून एंडोस्कोपी. मधल्या काळात मेहुण्याच्या आग्रहाने एका देवऋषीकडे दोन फेऱ्या, अंगारा आणि उतारा. एकूण २३,४०० रुपये. सगळे अहवाल चांगले आले. शहरातल्या डॉक्टरांनी फाईल बंद करून हसत सांगितले, ‘तुम्हाला काहीही झालेले नाही, टेन्शन घेऊ नका.’

हे वाक्य धीर देण्यासाठी उच्चारलेले असते याबद्दल मला शंका नाही. ऐकणाऱ्याच्या कानावर मात्र ते वेगळ्याच अर्थाने पडते. छाती दाबली जाते हे मास्तरांना रोज पहाटे जाणवत होते, आणि यंत्र सांगत होते की तसे काही नाही. म्हणजे एकतर आपण खोटे बोलतो किंवा आपले डोके फिरले, असे दोनच अर्थ त्यांना दिसले. नैराश्यात शरीर दुखते, पोट बिघडते, छाती भरून येते, आणि ही लक्षणे कल्पित नसतात, हे त्या वेळी कोणी त्यांना सांगायला हवे होते. आपल्याकडे या आजाराचे रुग्ण मनाची नव्हे तर शरीराची तक्रार घेऊन येतात, हे इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवडाभर बसलेल्या कोणालाही ठाऊक असते. गोव्यात ‘संगत’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांमधून नैराश्यावर जे काम उभे केले त्याची सुरुवातही इथूनच होते : माणूस ज्या भाषेत त्रास सांगतो ती आधी मान्य करायची.

या भटकंतीत मानसोपचाराचा विचार त्यांच्या मनात आलाच नव्हता असे नाही. चैत्रात पत्नीने तो शब्द एकदा काढून पाहिला होता. मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत.

संकोचाचा हिशेब

मदत न मागण्याला आपण अज्ञान म्हणतो, अंधश्रद्धा म्हणतो आणि जनजागृतीचे फलक लावतो. पुढे भेटींमध्ये मास्तरांनी जे सांगितले त्यावरून मला तो एक नीट मांडलेला हिशेब वाटला, आणि त्यातल्या सगळ्या नोंदी चुकीच्या नव्हत्या.

सर्वांत मोठी नोंद मुलीची. त्या उन्हाळ्यात एका ठिकाणी सोयरिकीची बोलणी चालू होती. मुलाकडचे लोक चौकशी करतात ती शेजारी, आगारात आणि भावकीत; ‘बापाला डोक्याचे औषध चालू आहे’ एवढे एक वाक्य कानावर गेले की पुढचा निरोप येत नाही, हे मास्तरांनी दोन घरांत घडलेले पाहिले होते. आनुवंशिकतेबद्दल त्यांना समजावता आले असते, आणि आम्ही नंतर ते समजावलेही. पण समजावायचे ते मास्तरांना नव्हे, अजून न भेटलेल्या व्याह्यांना, ही त्यांची अडचण होती आणि तिच्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. दुसरी नोंद नोकरीची : कागदावर आजाराचे नाव आले की लोक वेगळ्या नजरेने पाहतील, रोकड हाती द्यायला कचरतील. तिसरी गोळ्यांची, की एकदा लागल्या की सुटत नाहीत. आणि या सगळ्यांखाली एक शब्द. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालये जुनी आहेत, आणि ज्या भागाला जे जवळ त्याचे नाव तिथल्या बोलण्यात थट्टेसाठी वापरले जाते. मास्तरांनी स्वतः गाडीत बरळणाऱ्या एका प्रवाशाला हसत ‘याला येरवड्याचे तिकीट द्या’ म्हटले होते. ती थट्टा त्यांना आता रोज आठवत होती.

हा संकोच एकट्या मास्तरांचा नाही हे सांगायला आकडे आहेत. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५–१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य असलेल्या शंभरांपैकी सुमारे ८५ जण उपचारांच्या बाहेर असल्याचे आढळले. यात डॉक्टरांची टंचाई आहेच, पण जिथे सोय आहे तिथेही दारापर्यंत येऊन परत जाणारे आहेत, आणि मास्तर त्यांच्यापैकी एक होते.

मुक्कामाची रात्र

वळण आले ते आषाढात, मुक्कामाच्या गावी. त्या फेरीवर त्यांच्यासोबत एक वयस्क चालक असत, ज्यांना सगळे आबा म्हणत. पाऊस लागलेला, गाडी मंदिराजवळ उभी, आणि रात्री तीनला आबांना जाग आली तेव्हा मास्तर पुढच्या दारापाशी पायरीवर भिजत बसलेले. आबांनी काय झाले असे विचारले नाही. ते शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, ‘मास्तर, भाऊ गेला तेव्हा माझं पण असंच झालं होतं. आठ महिने गोळ्या घेतल्या. पहिले पंधरा दिवस रजा टाकली, डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच स्टेअरिंगला हात लावला. आगारात कुणाला ठाऊक नाही.’

मास्तर आबांबरोबर चार वर्षे गाडी करत होते आणि त्यांना हे माहीत नव्हते. आजारातून गेलेल्या माणसाशी थेट, बरोबरीच्या नात्याने झालेली भेट हाच मानसिक आजाराविषयीचा कलंक कमी करण्याचा सर्वांत परिणामकारक मार्ग आहे, असा निष्कर्ष ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२२ मध्ये काढला. त्या पायरीवर घडले ते हेच. डॉक्टर, समुपदेशक, पत्नी यांपैकी कोणीही तेच शब्द उच्चारले असते तरी उपयोग झाला नसता, कारण आबांचा हिशेब मास्तरांच्या डोळ्यांसमोर होता : नोकरी शाबूत, गोळ्या सुटलेल्या, मुलांची लग्ने झालेली.

त्यानंतरच्या मंगळवारी दोघे जिल्हा रुग्णालयात आले. केस पेपरच्या खिडकीवर कोणता विभाग असे विचारले तेव्हा मागे रांगेत ओळखीचा चेहरा दिसला म्हणून मास्तरांनी ‘दात’ असे सांगितले. दंतविभाग आमच्या खोलीच्या शेजारी आहे. सकाळी साडेनऊपासून ते त्या बाकावर बसून होते. आत जाण्याची पाळी आली की मागच्याला पुढे सोडत होते. आमच्या दारावरची ‘मनोविकार विभाग’ ही पाटी त्यांच्या बरोबर समोर होती. साडेबारा वाजता, बाक रिकामे झाल्यावर, आबा एकटेच आत आले आणि म्हणाले, ‘बाहेर आमचे मास्तर बसलेत. पेपर दातांचा आहे. चालेल का?’

केस पेपर नंतर बदलला.

उपचार आणि एक अडखळणे

पहिल्या भेटीत आम्ही एक चूक केली. माहिती हवी म्हणून आबांना थांबवून घेतले आणि त्यांच्यासमोरच घरच्या गोष्टी विचारल्या. मास्तर दहा मिनिटे ‘ठीक आहे’ याशिवाय काही बोलले नाहीत. आबा चहाला गेल्यावर बोलणे सुरू झाले. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णाच्या माहितीची गोपनीयता हा त्याचा हक्क आहे, आणि तो सोबत आणणाऱ्या मित्राच्या बाबतीतही लागू होतो, हे सांगायला आम्हीच विसरलो होतो.

मागील दोन आठवड्यांतील त्रासाची नऊ प्रश्नांची नेहमीची प्रश्नावली भरून घेतली. २७ पैकी १६ गुण आले, म्हणजे आजार मध्यमाच्या पुढे सरकलेला. नवव्या प्रश्नावर ते थांबले. जगणे नकोसे वाटते का, हे स्पष्ट शब्दांत विचारल्याने असा विचार मनात रुजत नाही, उलट बोलायला वाट मिळते. म्हणून तो प्रश्न आम्ही पुन्हा, सावकाश विचारला. ‘झोपेतच संपलो तर बरं, असं वाटतं. करायचं काही नाही मनात,’ असे उत्तर आले. त्याच दिवशी त्यांच्या संमतीने पत्नीला फोन करून पुढचे काही आठवडे त्यांना एकटे न ठेवण्याचे ठरले, शेतीची औषधे चुलत भावाच्या खोपटात कुलूपबंद झाली आणि १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा चोवीस तास चालणारा विनामूल्य क्रमांक डायरीच्या पहिल्या पानावर लिहिला गेला. हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर आणि बी-१२ तपासून घेतले. शारीरिक कारण आधी पाहिले, याचेच मास्तरांना सर्वाधिक समाधान वाटले. मानसोपचारतज्ज्ञांनी एस्सिटॅलोप्रॅम हे नैराश्यावरचे औषध सुरू केले आणि मास्तरांनी दहा दिवसांची अर्जित रजा घेतली.

सहाव्या दिवशी त्यांनी गोळी बंद केली. मळमळत होते, फरक काहीच नव्हता, आणि भाच्याने मोबाईलवर वाचून दाखवले होते की अशा गोळ्यांची सवय लागते. दुसऱ्या भेटीला ते आलेच नाहीत. आम्ही फोन केला तेव्हा समजावण्याऐवजी डायरी काढायला सांगितली आणि तिच्यात लिहून घेतले : सुरुवातीची मळमळ बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत कमी होते, गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहूनही अधिक लागतात, या गोळीची दारूसारखी ओढ लागत नाही, मात्र ती एकदम सोडायची नसते, बरे वाटल्यानंतर साधारण सहा ते नऊ महिने घेऊन मग डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायची असते. तारखा दिसल्यावर त्यांना ते पटले. हे सगळे पहिल्याच दिवशी सांगितले होते असे आमच्या नोंदीत आहे. पण ज्याला चार दिवस झोप नाही त्याला सांगितलेले किती पोचते हा प्रश्न नोंदीत येत नाही.

गोळीच्या जोडीला समुपदेशनात एक साधी पद्धत वापरली : उत्साह येण्याची वाट न पाहता सुटलेल्या कामांपैकी एखादे, अगदी लहान करून, ठरल्या वेळी करायचे. गोव्यात ‘संगत’ने याच तत्त्वावर सहा ते आठ भेटींचे समुपदेशन बेतले, आणि ते मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांकडून करवून घेतले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन महिन्यांनी आजार ओसरलेल्यांचे प्रमाण ६४ टक्के होते, तर हे समुपदेशन न मिळालेल्यांमध्ये ३९ टक्के. मास्तरांसाठी निवडलेले काम होते गुरुवारचे भजन. पहिल्या गुरुवारी ते मंदिराच्या पायरीवरून परतले. दुसऱ्या गुरुवारी आत बसले, टाळ मांडीवर ठेवून, न वाजवता. बुवांनी काही विचारले नाही. चौथ्या गुरुवारी ताल चुकला म्हणून शेजारच्याशी त्यांची बाचाबाची झाली, आणि ही बातमी पत्नीने आम्हाला फोनवर आनंदाने सांगितली. बरे होणे कसे दिसते याचा याहून चांगला पुरावा मला त्या महिन्यात मिळाला नाही. दहाव्या आठवड्यात प्रश्नावलीचे गुण ६ वर आले होते.

जे जमले नाही

अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाच्या कार्यक्रमाने दीड वर्षात नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर नेले. गावातल्याच कार्यकर्त्यांनी छोट्या बैठका घेतल्या, घरोघरी बोलणे केले, आणि पहिला आधार गावातच मिळेल अशी सोय केली. म्हणजे माणसाला पाटीखालून जावे लागण्याआधीच मदत त्याच्यापर्यंत आली. आमच्याकडे ती व्यवस्था नव्हती. आमच्याकडे आबा होते, आणि ते योगायोगाने होते. आबांना आगारात दहा मिनिटे बोलाल का असे मी विचारून पाहिले. निवृत्तीला दीड वर्ष आहे, तोवर नको, असे ते म्हणाले. आग्रह धरण्याचा मला अधिकार नव्हता.

सोयरिकीची ती बोलणी पुढे गेली नाहीत, कारण मुलाने नोकरीसाठी परगावी जायचे ठरवले. मास्तरांच्या औषधाचा त्याच्याशी संबंध नव्हता. नवे स्थळ आले तेव्हा सांगायचे की नाही यावर घरात दोन रात्री चर्चा झाली आणि न सांगण्याचे ठरले. मला ते पूर्णपणे पटले नाही, पण जोखीम त्यांची होती. भावांनाही अजून काही ठाऊक नाही.

गोळी सध्या अर्धी झाली आहे. तिची पट्टी तिकीट यंत्राच्या पिशवीतल्या आतल्या कप्प्यात, सुट्ट्या नाण्यांच्या डबीखाली असते. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मास्तर एकटे येतात. खिडकीवरच्या माणसाने विभाग विचारला की ते ‘मनोविकार’ म्हणत नाहीत, ‘दात’ही म्हणत नाहीत, आमच्या खोलीचा क्रमांक तेवढा सांगतात.